पोट बाहेर

ठोकताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. जुनं चाक समोर आलं की आधी हातोडीने ठोकून बघायचं आणि मगच तोंड उघडायचं, ही तिची तीस वर्षांची रीत; त्यावरून लोकांनी ते चिकटवलं. नवखा माणूस नाव ऐकून विचारायचा, "ठोक भावात काय काय मिळतं?" मग ती त्याला हातोडी दाखवायची. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, लोडर यांची चाकं बसवणं हा तिचा धंदा. शेड बापाची, हातोडी बापाची आणि नाकावरचा रागही बापाचाच. वारशाने आलेल्या वस्तूंत तेवढा रागच अजून नव्यासारखा होता.

त्या दिवशी सकाळी तिचा धाकटा भाऊ शेडच्या दारात येऊन उभा राहिला. पाच वर्षांत पहिल्यांदा. आत मात्र आला नाही.

"ताई, एक काम होतं," तो बाहेरूनच म्हणाला.

खडीच्या डेपोवर त्याला लोडर ट्रॅक्टर चालवायचं काम लागलं होतं, पण आठ दिवस हात बघून मग कायम करायच्या बोलीवर. आज सातवा दिवस. लोडर त्याच्यापेक्षा वयाने मोठा, आणि त्याच्या पुढच्या उजव्या चाकाला आज सकाळी बोटभर चीर दिसली होती. डावंही डुगडुगत होतं. दुपारी खडी न्यायला ट्रक येणार होता. तोवर लोडर चालू झाला नाही तर शेठ दुसरा ड्रायव्हर बघणार होते. घरी दोन पोरं आणि बायको, आणि अंगात दुसरा हुन्नर नाही.

"चल," ताई म्हणाली आणि हातोडी पिशवीत टाकली. एवढ्या वर्षांनी आलास, बस, पाणी पी, असं म्हणायला हवं होतं हे तिला वाटेत सुचलं. तिला अशा गोष्टी नेहमी वाटेतच सुचायच्या.

भंगारवाल्याकडे जमतील अशा दोनच जोड्या होत्या. एक जोडी ताज्या पिवळ्या रंगाची, टायर रुंद, नजर ठरणार नाही अशी. दुसरी गंजलेली, टायर अरुंद पण जाड. धाकटा सरळ पिवळ्या जोडीकडे गेला. नटांची भोकं मोजली, सहाच्या सहा, टायरवर थाप मारली आणि म्हणाला, "हीच."

ताईने हातोडी काढली. भंगारवाला कळवळला, "ताई, रंग उडेल हो!"

"उडाला तर बरंच. खाली काय आहे ते कळेल."

पहिलं पिवळं चाक खणखणीत वाजलं. दुसरं मात्र फुटक्या माठासारखं बद्द वाजलं. तिने रंग खरवडला. खाली वेल्डिंगची जाड रेघ होती, आरपार गेलेली.

"नांगराच्या ट्रॅक्टरला चाललं असतं एक वेळ," ती म्हणाली. "लोडरची बकेट भरून वर गेली की सगळं ओझं पुढच्या दोन चाकांवर येतं. तुला मरायचंय का?" आणि भंगारवाल्याकडे वळून, "याला रंगावर भुलायची सवय लहानपणापासून आहे."

भंगारवाला हसला. धाकटा हसला नाही. त्याचे कान लाल झाले. ताईने ते पाहिलं, पण बाण सुटला होता. गंजकी जोडी तिने दोन्हीकडून ठोकली, टायरच्या आत हात घालून चाचपली आणि उचलली. धाकट्याने ती टेम्पोत चढवली.

डेपोवर ट्रक आधीच येऊन थांबला होता आणि शेठ घड्याळ बघत येरझारा घालत होते. लोडर खडीच्या ढिगाऱ्याला लागून उभा होता. धाकट्याने बकेट जमिनीवर दाबून लोडरचं तोंड उचललं, ताईने आसाखाली लाकडी ठोकळे सरकवले. एकट्या बकेटच्या भरवशावर गाडीखाली हात घालणाऱ्यांची बोटं किती उरतात, हे तिला ठाऊक होतं.

"अजून किती?" शेठ ओरडले.

"तू उजवं घे, मी डावं बसवतो," धाकटा म्हणाला. "मलाही येतं."

एरवी ताईने दुसऱ्याला नटाला हात लावू दिला नसता. पण त्याचे कान अजून लालच होते. ती उजवीकडे बसली, तो डावीकडे, मध्ये इंजिन आणि पुढे जमिनीला टेकलेली बकेट. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. या चाकांच्या मधल्या लोखंडी तव्याची एक बाजू फुगीर असते आणि दुसरी खोलगट. फुगीर बाजू बाहेर ठेवली की टायर गाडीच्या अंगाशी, आसावर बसतो. उलटं बसवलं की टायर वीतभर बाहेर जातो आणि सगळा भार आसाच्या टोकावर लोंबतो.

"पोट बाहेर!" ताईने हाक दिली.

"पोट बाहेर!" पलीकडून उत्तर आलं.

नट आवळून झाल्यावर पलीकडे जाऊन ते चाक स्वतः बघायचं, हा तिचा नियम. ती उठलीही. मग तिला वाटलं, आता मी वाकून बघितलं तर हा म्हणेल, मी अजून लहानच आहे का. आज सकाळी एकदा लोकांत पाणउतारा केला तेवढा पुरे. ती गेली नाही. ठोकळे काढले, तो चढला, इंजिन धडधडलं आणि लोडर मागे सरून ढिगाऱ्यात घुसला.

ताई ट्रकजवळ जाऊन उभी राहिली. ओल्या खडीने काठोकाठ भरलेली बकेट वर उचलून लोडर वळला आणि तिच्या दिशेने येऊ लागला. तेव्हा पहिल्यांदा तिला दोन्ही चाकं एकदम समोरून दिसली. उजवं अंगाशी. डावं वीतभर बाहेर. आणि त्या डाव्या चाकाचं डोकं आत कलत होतं, नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकं.

 आस वाकत होता. मोडला तर डावा कोपरा बसणार, वर उचललेली खडी त्या बाजूला ओढणार आणि लोडर धाकट्याला घेऊन आडवा होणार. डोक्यावर छप्पर नाही, नुसती सीट.

शेठच्याही लक्षात आलं. ते हात हलवत किंचाळले, "ए, थांबव! थांबव!"

"गप्प बसा!" ताई त्यांच्यावर अशी खेकसली की शेठांचे हात हवेतच राहिले. ब्रेक मारला की सगळा भार झोकांडी देऊन पुढे येणार आणि जे व्हायचं ते तिथेच होणार. ओरडायचं नाही, धावायचं नाही. त्याला घाबरू द्यायचं नाही.

ती उजव्या बाजूने, त्याच्या नजरेत येईल अशी, चालत पुढे गेली. पाय पळायला बघत होते, त्यांना ती आवरत होती. तळहात जमिनीकडे करून तिने हात हळूहळू खाली नेला. धाकट्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. पुन्हा आली शिकवायला, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

चाक आणखी कललं. आता कुरकुर ऐकू येत होती.

ताईने हात जोडले. भर डेपोत, शेठच्या आणि ट्रकवाल्याच्या देखत, कधी कुणापुढे न वाकलेल्या बाईने भावाला हात जोडले, आणि मग पुन्हा तळहात खाली. हळू. हळू, माझ्या राजा.

हात जोडलेली ताई त्याने जन्मात पाहिली नव्हती. त्याने बकेटचा दांडा खाली ढकलला. बकेट इंचाइंचाने उतरू लागली. लोडर आपल्याच वेगात दोन हात पुढे आला, आणखी एक हात आला. बकेट जमिनीला टेकली, तिने सगळा भार स्वतःवर घेतला आणि लोडर घासत थांबला. इंजिन बंद झालं.

धाकटा वाकून चाकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, पाय हलत नाहीयेत."

तिने त्याला कमरेला धरून खाली उतरवलं. 

"पोट बाहेर म्हणाले होते ना रे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो कुठे गेला होता कोण जाणे.

"बाहेरच आहे," त्याने तव्याच्या खोलगट भागावर हात ठेवला. "हे काय पोट."

"हे? पोट म्हणजे फुगीर बाजू!"

"बाबांच्या शेडमध्ये असेल. मी जिथे शिकलो तिथे यालाच पोट म्हणतात." तो हसायचा प्रयत्न करत होता. "तिथे आमची पोटं खपाटीलाच गेलेली असायची, ताई. फुगीर कोणाचं पाहिलंच नव्हतं."

तो सोळा वर्षांचा असताना बाप म्हणाला होता, एका शेडमध्ये दोन हातोड्या नकोत. आणि त्याला परगावच्या गॅरेजवर धाडलं होतं. ताई तेव्हा वीस वर्षांची होती, शेडमध्येच उभी होती. ती एक अक्षर बोलली नव्हती. शेड आपल्याला राहतेय याचं तिला बरंच वाटलं होतं.

शेठ धापा टाकत आले. "चूक कोणाची? आधी ते सांगा! डावं चाक कोणी बसवलं?"

धाकट्याने तोंड उघडलं. ताई मध्ये आली.

"काम माझ्या अंगावर होतं. दुसऱ्याने आवळलेलं चाक मी बघितलं नाही. चूक माझी."

"तुमच्या वडिलांच्या हातून असं कधी झालं नसतं," शेठ म्हणाले.

"त्यांच्या हातूनच झालंय," ताई म्हणाली. "मी नुसती बघत उभी होते."

शेठांना काही उमगलं नाही. ते ट्रकवाल्याला थांबवून धरायला गेले. हा आस बदलल्याशिवाय लोडर हलणार नव्हता, आणि दुसरा आस आज मिळेल की नाही, धाकट्याचा आठवा दिवस उजाडेल की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. धाकट्याला मात्र शेठांनी काय विचारलं आणि ताई काय बोलली ते सगळं उमगलं होतं.  तो बाहीने तोंड पुसून डाव्या चाकापाशी बसला आणि पहिल्या नटाला पाना लावला.

"ठोकळे लाव, ताई," तो म्हणाला.