दोन मिनिटांचं बोलणं

बंगळुरूतल्या आमच्या ऑफिसच्या गेटवर निपाणीकडचे एक मामा बसायचे. माझ्याशी मराठी बोलायचे, पण नाव विचारायचं कधी सुचलंच नाही. गुडघे दुखत असल्यामुळे ते मोठ्या साहेबांसाठीही खुर्चीतून उठत नसत. उठायचे ते फक्त नोकरी गेलेल्या माणसासाठी. त्याचं आयकार्ड दोन्ही हातांनी घ्यायचे आणि स्वतः दार उघडून धरायचे.

एका सकाळी मॅनेजरचा मेसेज आला, ‘क्विक चॅट? दोन मिनिटं.’ नव्या माणसाला वाटेल, सहज काही बोलायचं असेल. आमच्याकडे मात्र गेल्याच महिन्यात असल्या दोन मिनिटांनंतर चौघे थेट घरी गेले होते.

मी धावत खाली आलो. “मामा, आज कार्डं काढून घ्यायची यादी आलीय?”

त्यांनी वही उघडली, सावकाश बोट फिरवलं. “आलीया. तुमचं नाव न्हाई. पाणी प्या आन् मग जावा वर.”

मॅनेजरला फक्त माझ्या रजेच्या तारखा हव्या होत्या.

संध्याकाळी निघालो, तर मला पाहून मामा उठून उभे राहिले. माझा हात गळ्यातल्या कार्डाकडे गेला.

“तुमचं नको, सर,” ते म्हणाले. “दुपारी सुपरवायझरनं मलाच बोलावलं. म्हणाला, दोन मिनिटं बोलायचंय. उद्यापास्नं हितं मशीन बसतंय.”

त्यांनी स्वतःचं कार्ड काढून वहीवर ठेवलं.

मी दार उघडून धरलं.