चूक माझी नव्हती

"हाड जुळेल," कणकवलीच्या डॉक्टरबाई एक्सरे पाहून म्हणाल्या. "पण तुम्हाला आणखी एक दुखणं आहे. भावाने वल्ह्याने मनगट मोडलं, आणि तुम्ही म्हणताय की चूक तुमची."

मला खरंच तसं वाटत होतं. खळ्यात सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळत घातली होती. पावसाची सर आली आणि मी उचलायच्या आत ती भिजली. दादाने केसांना धरून मला चिखलातून फरफटत नेलं. वल्हं बसलं तेव्हा कळ नंतर आली, हाड मोडल्याचा आवाज आधी ऐकू आला.

डॉक्टरांनी त्याला लो सेल्फ-एस्टीम म्हटलं. म्हणजे स्वतःची किंमत इतकी कमी वाटणं, की मारही आपल्या हक्काचा वाटावा. वडील गेल्यापासून दादाचा मार खात आले होते. दादा नसला तर माझाच हात माझ्या थोबाडावर उठायचा.

"मार थांबवणारं औषध माझ्याकडे नाही," बाईंनी स्पष्ट सांगितलं. "आधी त्या घरातून बाहेर पडा."

मावशीने मला वालावलला तिच्या घरी आणलं. तिथून दर आठवड्याला कणकवली गाठणं जमेना, म्हणून उपचार मोबाईलवर सुरू झाले. डिजिटल कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी. मनात आलेला विचार पकडायचा, तो खरा कशावरून हे तपासायचं, मग वागून बघायचं. मध्ये मध्ये समुपदेशक बाईंचा फोन यायचा.

पहिल्याच धड्यात प्रश्न होता, स्वतःबद्दल एक चांगली गोष्ट सांगा. मी फोन भिंतीवर भिरकावला. काच तडकली, धडा चालूच राहिला.

एका धड्यात मुद्दाम छोटी चूक करायला सांगितलं होतं. मी कढीत मीठ कमी घातलं. मावशी जेवायला बसली आणि मी भिंतीला पाठ लावून, डोकं हातांनी झाकून उभी राहिले.

"मीठ कमी आसा गो," ती म्हणाली, चिमूटभर मीठ घातलं आणि जेवली.

मी परसात जाऊन ओकले. इतकी वर्षं मी ज्या माराला शिक्षा समजत होते, त्याला माझी चूक लागतच नव्हती.

प्लास्टर निघालं आणि दादा आला. "घराक चल. तुका हय कोण पोसतलो?" म्हणत त्याने तेच मनगट पिळलं. मावशी मध्ये पडली, तर तिला खांबावर आदळलं. तिच्या कपाळातून रक्त आलं.

'माझंच चुकलं' हे शब्द ओठांवर आलेच होते. मी ते थांबवले.

"मी येवचंय नाय," मी म्हटलं. "मावशे, पोलिसांक फोन लाव."

त्याने थोबाडात मारली. दात ओठात रुतला. मी जागची हलले नाही. आरडाओरडा ऐकून शेजारी धावले आणि पोलीस येईपर्यंत त्यांनी त्याला दाबून धरलं.

धडे अजून चालू आहेत. तो विचार अजूनही येतो, आता मी त्याला पुरावा मागते. मावशीचे, डॉक्टरबाईंचे आणि समुपदेशक बाईंचे उपकार फिटणार नाहीत. माझ्यासारखी कुणी हे वाचत असेल तर एवढंच सांगते: आधी सुरक्षित जागा गाठ, मग मनाचं बघ. दोन्ही जमतं.

त्या दिवशी पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं होतं, "त्याने का मारलं?"

तोंडात रक्ताची चव होती. मी म्हणाले, "ते त्याला विचारा. काय झालं, ते मी सांगते."