अर्धं उत्तर
स्पिरिटचा वास आला की देगलूरच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. मी तिथं नर्स होते. पन्नाशीची, लग्न न झालेली एक बाई गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून गेली होती आणि तिच्या रिपोर्टात एचपीव्ही हा विषाणू निघाला. रिपोर्ट न्यायला तिचा धाकटा भाऊ आला. आईमागं तिनंच त्याला वाढवलं होतं. "हे कशानं होतं?" त्यानं विचारलं. डब्यात कापूस भरता भरता मी म्हणाले, "संबंधातून." तो रिपोर्ट घेऊन निघून गेला. आठ दिवसांनी दोघं डॉक्टरीणबाईंकडे आले, तेव्हा तो बाहेरच्या बाकावर तोंड फिरवून बसला. आत डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "बहुतेकदा हा संबंधातून पसरतो, पण क्वचित नुसत्या कातडीच्या स्पर्शातून, हातातूनही येऊ शकतो. यावरून कुणाचं वागणं ठरवता येत नाही." ती म्हणाली, "मला कशाला सांगता, बाई? माझं मला ठावंच हाय. आठ दिवस झाले, त्यो माझ्या हातचं खात न्हाई. त्याला सांगा." बाईंनी त्याला आत बोलावून सगळं पुन्हा सांगितलं. तो तिच्या खुर्चीजवळ जाऊन उभा राहिला. मग "अक्का, चल घरी," एवढंच म्हणाला आणि त्यानं तिची पिशवी उचलली. पुढच्या प्रत्येक तपासणीला तोच तिला घेऊन यायचा. ते उत्तर माझं होतं, हे मात्र मी तिच्यापाशी कधी कबूल केलं नाही. आज नव्या नर्स मुलींना मी बजावते, रिपोर्ट जिचा तिच्याच हातात द्यायचा. का, ते अजून सांगितलेलं नाही.