कृष्णेवरून उडालेलं विमान

लष्करातून निवृत्त झाल्यावर माझे यजमान साताऱ्याच्या एका छोट्या कारखान्यात मेकॅनिक म्हणून लागले. मालक विमानदलातले जुने वैमानिक. पुरात अडकलेल्या जवानांना औषधं पोचवायला पाण्यावर उतरणारं छोटं विमान बनवायचं आणि ते लष्करानं घ्यावं, हा त्यांचा ध्यास. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट.

पंखांवर कापड ताणून शिवायचं होतं. शिंपी तयार होईनात. मी घरी परकर-पोलकी शिवायचे, म्हणून यजमानांनी मला विचारलं.

"आवं, इमानाला काय झबलं घालायचंय?" मी हसले. पण दुसऱ्या दिवशी माझं शिलाई मशीन हातगाडीवरून कारखान्यात गेलं.

मालक प्रत्येक शिवण ओढून बघायचे. दोनदा त्यांनी अख्खा पंख उसवायला लावला. मला रडू आलं. तरी तिसऱ्यांदा शिवला.

हिवाळ्यात विमान ट्रकमधून सांगलीला नेलं. बंधाऱ्यामागं कृष्णा रुंद आणि संथ होती. मालक आत बसले. विमान पाणी कापत सुसाट पळालं, पण वर उठेना. घाटावरची माणसं ओरडली, "लाँच हाय रं ही, लाँच!"

पाणी तळाला धरून ठेवत होतं. मालक आणि यजमान दोघांनी साताऱ्याला परत येऊन, विमानाखाली चाकांऐवजी बसवलेल्या लांबट होड्यांच्या तळाला मध्येच पायरी काढली, पाणी तिथं सुटावं म्हणून.

पुढच्या खेपेला लष्कराचे दोन अधिकारी आले होते. विमान धावलं आणि उठलं! पुलापाशी वळून अलगद पाण्यावर बसलं. अधिकाऱ्यांनी मालकांचा हात हातात घेतला. "यंत्र उत्तम आहे. पण आता हेलिकॉप्टरं आली आहेत. हे आम्ही घेणार नाही."

ते गेले. विमान परत ट्रकमध्ये चढवायचं म्हणून यजमान मान खाली घालून पंख सोडवायला निघाले.

"थांबा. मला बसायचंय त्यात," मी म्हणाले.

"खुळी का काय तू?"

"पंख मी शिवल्यात. बसल्याबिगर मी न्हाई जायची."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं, मग मागची जागा दाखवली. "या वहिनी."

मी कासोटा घट्ट केला. पाण्याचे तडाखे बसले आणि एकदम थांबले. खाली हळदीची रानं, नदीचं वळण. भीती वाटली, पण डोळे मिटले नाहीत.

तसं दुसरं विमान कधी झालं नाही. मी मात्र मशीन घरी नेलं नाही. मालकांकडून ट्रकच्या ताडपत्र्यांचं काम मागून घेतलं आणि गल्लीतल्या दोघींना शेजारी शिकायला बसवलं.