लाकडी पायांच्या शेडमधली माणसं

जिनिंगमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या अंगाला कापूस चिकटतो ना, तसे आमच्या अंगाला किस्से चिकटत. झटकायचे म्हटले तरी घरापर्यंत यायचे! माझे यजमान रेल्वेत होते. संध्याकाळी हातपाय धुऊन बसले की विचारायचे, "काय, आज कोणाचा पाय?"

आमची शेड म्हणजे जळगावातल्या एका दवाखान्यामागची पत्र्याची खोली. स्वातंत्र्यानंतरची सुरुवातीची वर्षं. तिथे लाकडी पाय, कुबड्या, पोलिओच्या मुलांसाठी लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर असं सगळं बनायचं. लाकूडकाम त्र्यंबकनानांचं, चामड्याचे पट्टे गफूरभाईंचे. मी आले ती आतल्या मऊ गाद्या शिवायला. पण बायका काही पुरुषांना माप घेऊ देईनात, म्हणून टेपही माझ्याच हातात आली.

तयार पाय आम्ही आढ्याला टांगून ठेवायचो. एकदा नवीन पोस्टमन दारात आला, वर बघितलं आणि जागच्या जागी थिजला. नाना रंधा न थांबवता म्हणाले, "या, या. मालक येतात आणि घेऊन जातात!"

* * *

धरणगावकडचे एक शेतकरी होते, सगळे त्यांना आबा म्हणत. बैलगाडीखाली पाय गेलेला. नानांनी शिवणीच्या झाडाच्या हलक्या लाकडाचा छान पाय करून दिला. आबा खूश होऊन चालत गेले आणि काही दिवसांनी गाडीत बसून परत आले. लाकडी पाय मांडीवर, घोट्यापर्यंत काळ्या मातीचा गोळा!

"काय झालं आबा?"

"पाय ते भलता चांगला शे, पन जमीन त्याले सोडत नही!"

कपाशीला पाणी दिलं होतं. आबा वाफ्यात शिरले, पाय रुतला, पट्टा तुटला. आबा पुढे आणि पाय मागे!

नानांनी शेतासाठी वेगळा, पसरट तळव्याचा पाय केला. गुडघ्याखालचा भाग काढायचा, दुसरा बसवायचा. एक शेताचा, एक बाजाराचा. पुढच्या खेपेला आबांची बायको तक्रार घेऊन आली, पण हसत होती. म्हणाली, "दोन पाय व्हतात तवय घर सोडे नही. आते तीन शेतस, ते घरमा टिकस नही!"

* * *

रावेरच्या एका अक्कांचं कंबरेचं हाड मोडलं होतं. त्यांना कुबडी दिली. ती मोडली. दुसरी दिली, तीही मोडली. नानांच्या कारागिरीवरच बालंट! ते चिडले, "अक्का, तुमचं वजन ते किती! ही मोडते कशी?"

त्यांच्या मुलानेच सांगितलं, की त्यांच्या केळीच्या बागेत माकडं फार येतात आणि राखणीला अक्का बसतात.

तेव्हा अक्का म्हणाल्या, "टेकाले चांगली हाये रे भो, पन मारायले नाजूक!"

* * *

दगडू जिनमध्ये कामाला होता. यंत्राच्या पट्ट्यात उजवा हात गेला आणि कामही गेलं. घरात लहान पोरं. आला तेव्हा कोणाकडे बघत नव्हता. गफूरभाईंनी दंडाला चामड्याची वाटी बसवली, तिला पुढे लोखंडी आकडा. दगडू तो फिरवून फिरवून बघत राहिला. शेवटी म्हणाला, "हा काय विहिरीत पडलेला पोहरा काढायचा गळ आहे का?" आणि भिंतीकडे तोंड करून रडला. गफूरभाई त्याच्या शेजारी जाऊन बसले.

तरी तो रोज येत गेला. आकड्याने बादली उचल, दोरी ओढ, खुर्ची सरकव. मग त्याने स्टेशनबाहेर चहा सुरू केला. आम्ही मुद्दाम प्यायला गेलो. पठ्ठ्या उकळत्या किटलीची कडी आकड्यात अडकवून सरळ विस्तवावरून उचलायचा! गिऱ्हाईक बघतच राहायचं.

दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "दगडू, काही त्रास?"

त्याने डावा हात पुढे केला. "साहेब, याचं काही करता येईल का? हा सारखा भाजतो!"

* * *

कानाचं यंत्र आमच्याकडे बनत नसे, पण डॉक्टरांनी धुळ्याच्या एका निवृत्त गुरुजींसाठी मुंबईहून मागवलं. खिशात डबी, दुसऱ्या खिशात बॅटरी, कानात बसणारं गोल बोंड, मधे वायर. गुरुजींना कितीतरी वर्षांत बायकोचा आवाज ऐकू आला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "आधी काकूंनी बोलावं." शेडमध्ये सगळे हात थांबले. नानांनी हातोडी खाली ठेवली.

काकू वाकल्या आणि सवयीप्रमाणे कानाशी जाऊन ओरडल्या, "ऐकू येतंय का?"

गुरुजी बाकावरून उडालेच! "अगं, हळू! मी काय बहिरा आहे का?"

आम्ही हसून हसून थकलो. पण काकूंना हळू बोलताच येईना. इतकी वर्षं ओरडून ओरडून विसरल्याच होत्या. दुपारभर दोघं बाहेर लिंबाखाली बसली होती. काकू काहीतरी बोलायच्या, गुरुजी हाताने खुणावायचे, अजून हळू, अजून हळू. पुढे पुढे आम्हाला काही ऐकू येईना. गुरुजींना मात्र येत होतं.

* * *

आणि आमची एदलाबादची कमल! लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय वाळला. पहिल्या कॅलिपरचं माप मीच घेतलं. पुढे ती ट्रेनिंग करून गावातल्याच मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. पण लग्नाचं जमेना. स्थळं यायची, पाय बघायची आणि "कळवतो" म्हणून जायची. तिचे वडील खचले होते.

असंच एक स्थळ आलं. मुलगा कचेरीत कारकून. वडिलांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं, कॅलिपर म्हणजे काय ते नीट समजावून सांगा म्हणाले. मी सांगितलं. मुलाच्या आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते असू द्या. मुलीला जरा चालून दाखवायला सांगा."

वडिलांनी मान खाली घातली. मला वाटलं, पोरगी आता रडणार.

कमल उठली. गुडघ्याची कडी लावली, खट्! खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. कोपऱ्यातली पिशवी खांद्याला लावली. उंबरा ओलांडला, पायऱ्या उतरली आणि रस्त्याने चालू लागली.

आम्ही वाट बघतोय. पोहे निवले, चहावर साय आली. "गेली कुठे?" मुलाची आई विचारते. वडील पुटपुटले, "शाळेची वेळ झाली असेल."

मुलगा उठला, चपला घातल्या आणि बाहेर पडला. आईने हाक मारली, तरी थांबला नाही.

बऱ्याच वेळाने परत आला. घामाने सदरा भिजलेला, श्वास लागलेला. आईने विचारलं, "काय रे, कसं काय?"

तो दारातच टेकला. "आई," म्हणाला, "फार भरभर चालते गं ती!"