नकाशापलीकडची किल्ली

बदनापूरच्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा पहिलंच मोठं काम माझ्याकडे आलं ते तोंडी परीक्षेचं. सातवीतल्या कोणत्या मुली पुढच्या वर्षी सेमी इंग्रजी तुकडीत जाणार, हे त्या परीक्षेवर ठरणार होतं. "तू इंग्लिश मीडियमची. प्रश्न तूच काढ," इंग्रजीच्या ज्येष्ठ मॅडम म्हणाल्या. त्या मूळच्या भोकरदनकडच्या. मुली त्यांच्याभोवती सतत घोटाळत असायच्या; माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायच्या. मलाही तसंच सोपं जायचं.

मी तीन प्रकार ठरवले: उतारा मोठ्यानं वाचणं, स्वतःची ओळख आणि एका विषयावर मिनिटभर बोलणं. माझ्या शाळेत तसंच असायचं.

मुली एकेक करून आल्या. सगळ्यांची ओळख एकाच सुरातली, पाठ केलेली. सगळ्यांचा छंद वाचन.

"सगळ्याच वाचून राह्यल्या का?" मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या. "आपल्या वाचनालयाला तर कुलूप हाय!"

मला हसू आवरेना. तेवढ्यात ती आली. घरी उर्दू, शाळेत मराठी, मैत्रिणींशी दोन्ही, आणि आमच्यासमोर काहीच नाही अशी ती मुलगी. "माय नेम इज" एवढं म्हणून थांबली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी वाट पाहिली. मग तिच्या नावापुढे गुणांऐवजी रेघ ओढली. ही तुकडी बाकी सगळ्यांना शिक्षकांनी सुचवली होती. हिनं मात्र स्वतः येऊन नाव दिलं होतं.

ती गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "हिला येतं. आपलं विचारणं चुकून राह्यलं. मिनिटभर भाषण तुला आवडायचं का गं?"

"नाही."

"मंग ठेवलं कशाला?"

मी प्रश्नांच्या कागदाकडे पाहिलं. मॅडमनी तो बाजूला सारला.

"हे बघ, तिचं नाव आपल्याला माहीत हाय. आपल्याला माहीत हाय हे तिलाबी माहीत हाय. मंग तिनं बोलायचं कशाला? आपल्याला खरंच माहीत न्हाई असं काहीतरी पाहिजे."

त्यांनी भूगोलाचा गुंडाळी नकाशा आणवला, उलगडून टेबलावर दोन खुर्च्यांच्या मधोमध पडद्यासारखा उभा केला. दोन्ही बाजूंना एकेक कप, रबर, डबा आणि किल्ली ठेवली. मग तिला परत बोलावून एका बाजूला बसवलं, दुसऱ्या बाजूला तिच्या मैत्रिणीला. तिनं आपल्या वस्तू हव्या तशा मांडायच्या आणि इंग्रजीत सांगून मैत्रिणीकडून हुबेहूब तशाच मांडून घ्यायच्या. आम्ही मैत्रिणीच्या बाजूला बसलो. पलीकडे तिनं काय मांडलंय, ते खरोखरच आम्हाला दिसत नव्हतं.

मग अगदी हळू आवाज आला, "की... कप."

मैत्रिणीनं किल्ली कपात टाकली. खणकन आवाज झाला.

"नो, नो! नॉट इन!" नकाशापलीकडून आवाज चढला. "अंडर! कप अप, की डाउन, देन कप डाउन!"

"हां बाई, ओरडू नको," मैत्रीण मराठीत पुटपुटली.

"इंग्लिश!" पलीकडून दम आला.

मॅडम तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी बघतच राहिले. इतक्या वर्षांत मी किती तोंडी परीक्षा दिल्या होत्या, पण समोरच्यानं माझं ऐकून काही केलं, असं एकदाही झालं नव्हतं.

वर्गशिक्षक दारात आले होते. "मैत्रिणी आहेत त्या. आधी ठरवलं असंल," ते म्हणाले.

"मंग आमच्या मॅडम बसतील," मॅडम माझ्याकडे बोट करत म्हणाल्या. "यांच्याशी तर कुणीच काही ठरवत न्हाई."

मी मैत्रिणीच्या खुर्चीवर बसले. पलीकडे वस्तू सरकल्याचा आवाज झाला. मग नकाशाच्या कडेनं तिनं डोकावून पाहिलं, मी चोरून तर बघत नाही ना म्हणून.

"मॅडम, रेडी?" तिनं विचारलं.

शेवटी नकाशा हटवला तेव्हा माझं रबर चुकीच्या बाजूला निघालं, आणि तिनं मलाही तसाच दम दिला. त्या दिवशी मी भाषणाचा प्रश्न खोडला आणि तिच्या नावापुढची रेघही.