चौकीदारकाकांची साक्ष

कोणाच्याही दारात जाण्याआधी ते खाकरायचे. रस्त्यातलं प्रत्येक कुलूप ओढून पाहायचे. स्वतःचं घर मात्र सताड उघडं. भांडण मिटवायला गेले की आधी दोन्ही घरांत पाणी मागायचे. पाणी देईपर्यंत माणसं निम्मी शांत होतात, म्हणायचे.

आमच्या गावाचे ते चौकीदार. मी त्यांच्या निम्म्या वयाचा, तरी आमची मैत्री होती. मी साहित्य शिकलो म्हणून मला ‘कवी’ म्हणायचे. कविता मी कधीच केली नाही. पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत ते गावाच्या गोष्टी सांगायचे. त्या दुपारी कशा सरायच्या, कळायचं नाही.

समन्स पोचवायचं, अपघाताच्या जागी राखण करायची, ठाण्यात खबर द्यायची. सगळं काम पोलिसांचं. पण सरकारलेखी ते स्वयंसेवक. म्हणून पगार नाही, नुसतं मानधन. किमान वेतन मिळावं म्हणून चौकीदारांनी दावा लावला आणि सगळ्यांत जुने म्हणून साक्षीला काकांना उभं केलं.

सरकारी वकिलानं विचारलं, “हे काम करायला तुम्हाला कोण सांगतं?”

काकांनी छाती पुढे काढली. “सांगायला कशाला लागतं? मी आपणहून करतो.”

आमच्या वकिलानं कपाळावर हात मारला. हुकूम देणारा नाही, तर नोकरी कसली?

“घरात मी सांगते, बाहेर फौजदार सांगतो,” घरी आल्यावर काकू कडाडल्या. “आणि हे म्हणतात, कोणी सांगत नाही!”

पुन्हा साक्ष द्यायची परवानगी मिळाली. काल दुपारी स्वयंपाकघरात तालीम चालली होती. काकू वकील झाल्या होत्या, हातात लाटणं.

“ठाण्यातून बोलावणं आलं आणि नाही गेलात, तर काय होतं?”

काका विचारात पडले. “नाही गेलो? असं कधी झालंच नाही गं.”

“अहो, पण झालं तर?”

तेवढ्यात दारात शिपायाची मोटारसायकल थांबली. “पुलावर ट्रक उलटलाय. साहेबांनी आत्ताच्या आत्ता बोलावलंय.”

“बघा, आला हुकूम!” मी म्हणालो.

“हुकूम कसला, कवी? माणसं अडकलीत तिथं.” बुटांच्या नाड्या बांधत ते काकूंना म्हणाले, “आल्यावर सांगतो तुझं उत्तर.”

पुलावर गाड्या थोपवताना त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

सोमवारी तारीख आहे. बोलावल्यावर नाही गेलं तर काय होतं, हे सांगायचं राहून गेलं.